पेटी आधी पोहोचली

आमच्या खानापूर तालुक्यातल्या बऱ्याच घरांतला एक तरी माणूस परमुलखात गलाईच्या धंद्यात असतो. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. कुणी केरळात, कुणी पंजाबात, कुणी नेपाळच्या सीमेवर. मला थोरल्या चुलत्याच्या मुलानं गुवाहाटीला नेलं. त्याला मी दादा म्हणायचो. सराफी गल्लीच्या आत आमचं छोटं दुकान होतं. पुढं भट्टी आणि मागं एक खोली, तिथंच आमचं राहणं. वहिनी, माझी बायको आणि पोरं गावाकडं. वर्षातून एकदा आम्ही घरी जायचो, तेही दोघं एकदम कधीच नाही, कारण दुकान बंद ठेवून चालत नव्हतं.

मी पुढं पुढं विमानानं ये-जा करायला लागलो. दादा मात्र शेवटपर्यंत रेल्वेनंच गेला. तीन दिवस जायला, तीन दिवस यायला. मी म्हणायचो, "दादा, सकाळी हितनं बसलं की दुपारी पुण्यात. सुट्टीतलं सहा दिवस गाडीतच घालवतोस तू."

तो सोनं वितळवायची मूस भट्टीतून काढता काढता म्हणायचा, "लगेच पोचून करायचं काय? गडी दारात हुबा ऱ्हातो, मन अजून हितंच असतंय. मला तीन दिवस लागत्यात घरचं व्हायला."

मी हसायचो. त्याला विमानाची भीती वाटते असंच मला वाटायचं.

तो गेला तो भट्टीशेजारीच. सकाळचा चहा झाला होता. मी शटर वर करून मागं वळलो तर तो भिंतीला टेकून बसलेला, डोळे अर्धे मिटलेले. मला वाटलं धूर डोळ्यात गेला असेल. हाक मारली, हलवलं. शेजारचा सराफ धावत आला, आम्ही दादाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि हृदय बंद पडलंय एवढंच सांगितलं. त्याच्या शर्टाच्या खिशात चष्मा होता, तो माझ्या हातात दिला.

गावी फोन केला. वहिनीच्या हातातून फोन पडला असावा, कारण नुसता गलबला ऐकू येत राहिला. मग थोरली आई आली फोनवर. दादाची आई. वय ऐंशीच्या पुढं, पण आवाज खणखणीत. ती रडली नाही. "त्याला हिकडं आण," म्हणाली. "त्याची माती हितं व्हायला पायजे."

गुवाहाटीत आमच्या भागातली गलाईवाली माणसं आहेत, ती सगळी जमली. पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, देह टिकावा म्हणून औषध भरून घेणं, लाकडी पेटी, पेटीवर कापड, सगळं त्यांनीच धावपळ करून केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला थेट विमान होतं, त्यात जागा मिळाली. निघायच्या आधी थोरल्या आईचा परत फोन आला.

"वाटंत नद्या लागत्याल. नदी आली का त्याला सांग, नदी आली, चल म्हणून. मेलेलं माणूस पाण्यापाशी थांबतं. कुणी हाक मारली न्हाई तर तितंच ऱ्हातं."

"विमानातनं नदी कशी कळणार?"

"तू बघ की खाली," ती म्हणाली. "डोळं हायती न्हवं तुला?"

विमानतळावर आमचं नेहमीचं दार बाजूला राहिलं. पेटी घेऊन मागच्या अंगाला जावं लागलं, जिथं माल चढवतात. तिथं मोठा वजनकाटा होता. फळांच्या पेट्या, कसले तरी यंत्राचे भाग आणि मग दादा. आमचा सगळा जन्म काट्याभोवती गेलेला. माल आत जाताना वजन, वितळून बाहेर येताना वजन, मधली घट किती ते बघायचं. काट्यावर पेटी ठेवली तेव्हा माझी नजर सवयीनं आकड्याकडं गेली आणि मी ती लगेच वळवली. तिथल्या माणसानं पेटीवर चिठ्ठी डकवली. मला म्हणाला, तुम्ही आता प्रवाशांच्या दारानं जा, तिकडं पुण्यात मालाच्या दारातून ताब्यात घ्या.

मी आत जाऊन बसलो. माझी जागा मधली होती. खिडकीशी एक मुलगी, पुण्यात शिकणारी, कानात गाणी लावून. विमान उडण्याआधी खालून सामान सरकवल्याचे आवाज येत होते. धप्प, मग घासल्यासारखं काही, मग परत धप्प. माझे पाय जमिनीवर टेकेनात. मी ते वर घेऊन बसलो तर हवाईसुंदरी आली आणि पाय खाली घ्यायला सांगितलं. मी घेतले. पण सगळा वेळ टाचा उचललेल्याच होत्या.

वैमानिकानं सांगितलं की आपण इतक्या उंचीवरनं चाललोय, पुण्याला साडेतीन तासांत पोहोचू, हवा चांगली आहे. मुलीनं खिडकीची झडप खाली ओढली. मी तिला म्हणालो, "बाळ, जरा उघडी ठेवशील का? नदी दिसली तर मला सांग."

तिनं माझ्याकडं पाहिलं. काय वाटलं तिला कोण जाणे, पण झडप वर केली आणि कानातलं काढून बाहेर बघत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "नुसते ढग आहेत काका. कापसासारखे. खालचं काहीच दिसत नाहीये."

ब्रह्मपुत्रा कधी मागं पडली कळलं नाही. गंगा कधी आली, कधी गेली, नर्मदा कुठं होती, काही नाही. मी आपला अंदाजानं पुटपुटत राहिलो, दादा, खाली नदी असेल, चल. शेजारच्या गृहस्थांना वाटलं मी जप करतोय. एकदा ढग फाटले तेव्हा खाली तपकिरी जमीन दिसली, मुलगी घाईनं म्हणाली, "काका, रस्ता दिसतोय," आणि परत सगळं पांढरं झालं. पुण्यात उतरताना तिनं मला विचारलं, "कुठली नदी बघायची होती तुम्हाला?" मी म्हणालो, "कुठलीही."

मालाच्या दारातून पेटी बाहेर आली. गावाकडनं शववाहिका घेऊन दोघं आले होते. मी मागं पेटीपाशीच बसलो. आता रस्ता दिसत होता. शिरवळच्या अलीकडं नीरेचा पूल आला, मी पेटीवर हात ठेवून म्हणालो, "दादा, नीरा आली, चल." पुढं कृष्णा आली. साताऱ्याजवळ वेण्णा. उंब्रजला तारळी. कऱ्हाडला परत कृष्णा. प्रत्येक ठिकाणी मी सांगितलं. शेवटी गावाजवळ येरळा, वाळू आणि मधे पाण्याची एक रेघ. तिथंही सांगितलं. दिवस मावळायच्या आत आम्ही पोहोचलो आणि सगळं उरकलं.

थोरली आई पेटीजवळ आली होती. झाकण काढल्यावर तिनं दादाच्या तोंडावरून हात फिरवला, मग हनुवटी धरून जरा वेळ बघत राहिली, दुकानात कापड पारखून बघावं तसं. वहिनीला बायका धरून होत्या. मला वाटलं म्हातारीला धक्का बसलाय.

राख सावडून झाल्यावर संध्याकाळी तिनं मला जवळ बसवून घेतलं.

"नद्या सांगितल्यास?"

"सांगितल्या. नीरंपासनं सगळ्या सांगितल्या."

"नीरा तर हितंच हाय. त्याच्या आदी?"

मी म्हणालो, "आई, ढग होतं. विमानातनं काय दिसलं न्हाई. अंदाजानं सांगत होतो."

ती मान हलवत राहिली. "पुण्यापसनं सांगितलंस तू. पर पुण्यापतुर त्यो आलाच न्हाई, तर ऐकणार कोण?"



दहाव्याला येरळेकाठी पिंड ठेवले. कावळे होते, समोरच्या बाभळीवर तीन-चार बसलेले. एकही खाली येईना. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. वहिनी पुढं आली, पदर तोंडाला लावून म्हणाली, पोरांचं शिक्षण मी करीन, काळजी करू नका. कावळा हलला नाही. मी म्हणालो, दुकान बंद पडू देणार नाही, तुझ्या पोरांना माझ्या पोरांसारखं बघीन. चुलते बोलले, भावकीतलं कोण कोण बोललं. ऊन चढलं. लोक एकेक करून सावलीला सरकले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

थोरली आई काठावर दगडावर बसली होती. कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखी म्हणाली, "यायला तर पायजे आदी. आला की खाईल."

त्या दिवसापासून ती रोज सांजच्याला उंबऱ्यात बसायला लागली. रस्त्यानं एसटी गेली की बघायची. घरातल्यांनी मनावर घेतलं नाही. वहिनी तेवढी घाबरली. मला म्हणाली, "भावजी, ह्या रोज त्यांच्या नावाचं ताट वाढून ठेवत्यात. सकाळी मीच ते गाईला घालते. तुमी काय तरी बोला." मी बॅग भरली आणि विमानानं गुवाहाटीला परत गेलो.

दुकान उघडलं. मागच्या खोलीत दोन खाटा होत्या, एक मोकळी. मी तिच्यावर सामान ठेवलं, म्हणजे ती मोकळी दिसू नये. कामात दिवस जायचा. पण संध्याकाळी भट्टी थंड होताना तडतडते, तो आवाज दादाच्या खोकल्यासारखा यायचा. त्याला धुराचा खोकला होता, सुका, दोनदा येऊन थांबणारा. मला ठाऊक होतं की विटा आकसतायत. तरी मान वळायचीच.

गल्लीच्या तोंडाशी एक बिहारी चहावाला आहे. दादाशी त्याचं फार जमायचं. दादा गेला तेव्हा तो त्याच्या गावी गेला होता. महिना-दीड महिन्यानं परत आला. मी चहा प्यायला गेलो तर ग्लास देत म्हणाला, "बड़े भैया गाँव नहीं गए अभी तक?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. विचारलं, काय म्हणालास?

तो सहज सांगत होता. काल संध्याकाळी तुमचे दादा तिथं कोपऱ्यावर उभे होते, हातात ती चेनची पिशवी. गावाला जाताना रिक्षाची वाट बघत जसे उभे राहतात तसे. मी हाक मारली, गर्दीत ऐकू गेली नसेल.

मी त्याला खरं सांगितलं. त्याच्या हातातलं भांडं तसंच राहिलं, शेगडीवरचं दूध उतू गेलं. मग तो म्हणाला, दुसरंच कुणी असेल, माझंच चुकलं. पण त्या दिवशी त्यानं माझ्याकडं परत बघितलं नाही, आणि मी पण ग्लास अर्धाच ठेवून उठलो. चेनची पिशवी दुकानात खुंटीला होती. मी जाऊन हात लावून बघितली.

त्यानंतर मला झोप लागेना. भूत-पिशाच मानणारा माणूस मी नाही. पण कोपऱ्यावरून जाताना पाय आपोआप भरभर पडायचे आणि मग लाज वाटायची, की ज्यानं मला भाकरीला लावलं त्याच्यापासनं पळतोय. तेवढ्यात एक दिवस थोरल्या आईचा फोन आला. ती सहसा स्वतः फोन लावत नाही. कुणाकडून तरी लावून घेतला होता.

"त्यो अजून आला न्हाई रं," म्हणाली. "तिकडंच हाय का बघ."

मी चहावाल्याचं तिला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, "आई, मी घिऊन येतो."

दुकान गावाकडच्या एका गलाईवाल्यावर सोपवलं, रेल्वेचं तिकीट काढलं, दादाची पिशवी खुंटीवरनं काढली, त्यात त्याचा टॉवेल, चष्मा आणि स्वेटर घातला. कोपऱ्यावर रिक्षा केली. बसायच्या आधी जरा थांबलो आणि हळू आवाजात म्हणालो, "चल दादा." रिक्षावाल्यानं विचारलं, अजून कोणी यायचंय का? मी नाही म्हणालो.

गाडी सुटल्यावर थोड्याच वेळात ब्रह्मपुत्रेचा पूल आला. मी दारात जाऊन उभा राहिलो. एवढ्या वर्षांत मी ती नदी इतका वेळ कधी बघितली नव्हती. पूल संपतच नव्हता. मी मोठ्यानं म्हणालो, "दादा, ब्रह्मपुत्रा आली. चल, घरी चल." लोखंडाच्या खडखडाटात माझं मलाच ऐकू आलं नाही.

समोरच्या बाकावर एक फौजी होता, सुट्टीवर निघालेला. माझी मराठी ऐकून बोलायला लागला. उंब्रजजवळच्या गावचा निघाला. तिस्तेच्या पुलावर मी परत दारात गेलो तेव्हा तो मागनं आला होता, तोंड धुवायला. परत बसल्यावर त्यानं विचारलं, "आवं, दारात जाऊन कुणाशी बोलताय?"

मी सगळं सांगितलं. पेटी, ढग, कावळा, म्हातारी. चहावाल्याचं पण सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो खाली बघत बसला.

मग म्हणाला, "आमच्या पलटणीतला एकजण असाच गेला. आजारानं. वाईकडचा होता. पेटीसंगं मलाच धाडलं व्हतं. दोन विमानं बदलून." खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला कुणी सांगितलंच न्हाई नदीचं."

मला दुसऱ्या दिवशी दुपारी डुलकी लागली होती. त्यानं खांदा हलवून उठवलं. "उठा. गंगा आली." आम्ही दोघं दारात उभे राहिलो. मी दादाला सांगितलं. त्यानं ओठ हलवले, काय म्हणाला ते मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. शोण, यमुना, नर्मदा, तापी. जिचं नाव कळलं नाही तिला नुसतं नदी म्हणालो. गाडी कुठल्याशा माळावर बराच वेळ उभी राहायची, बाहेर कोणी शेतात वाकलेलं दिसायचं, परत हलायची. दादाची पिशवी माझ्या उशाशी होती. तिसऱ्या दिवशी मला जाणवलं की मी दुकानाचा विचार करायचा थांबलोय. गावच्या विहिरीचं पाणी किती खाली गेलं असेल, हे डोक्यात येत होतं. दादा हेच म्हणायचा, आणि मी त्याला भित्रा समजत होतो.

कल्याणला उतरून आम्ही दोघं एकाच बसनं पुढं आलो. नीरेच्या पुलावर फौजी खिडकीकडं तोंड करून बसला होता. वाईच्या फाट्यावर त्यानं ट्रंक उचलली.

मी म्हणालो, "तुमचं गाव तर उंब्रजला ना?"

"व्हय. आदी ह्याच्या घरी जाऊन येतो," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली, मी तिकडं फिरकलोच न्हाई. त्याच्या आईम्होरं उभं ऱ्हायाचं धाडस हुईना." खाली उतरला, आणि बस सुटेपर्यंत तिथंच उभा होता. त्याचा नंबर घ्यायचं माझ्या लक्षात आलं नाही.

मी घरी पोहोचलो तेव्हा थोरली आई उंबऱ्यात होती. मी येणार हे घरी माहीत होतं, पण वेळ सांगितलेली नव्हती. ती उठली. "थांब तितंच," म्हणाली. आत जाऊन भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आली. लांबून आलेल्यावर ओवाळून टाकतात तसा तिनं तो माझ्यावरून ओवाळला आणि लांब टाकला. मग दुसरा तुकडा काढला. माझ्या डाव्या बाजूला, जिकडच्या खांद्याला पिशवी होती तिकडं, मोकळ्या हवेत ओवाळला. तिचा हात माझ्या डोक्याच्याही वर चालला होता. दादा माझ्यापेक्षा वीतभर उंच होता.

वहिनी दारातून हे बघत होती. ती आत निघून गेली आणि तिचं रडणं ऐकू आलं. पेटी आली त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती.

त्या रात्री थोरल्या आईनं ताट वाढून ठेवलं नाही. पुन्हा कधीच ठेवलं नाही, आणि उंबऱ्यात बसणंही सोडलं. वहिनी म्हणते, त्यानंतर ती झोपायला लागली. पुढच्या उन्हाळ्यात ती शांतपणे गेली. मी विमानानं गेलो तेव्हा तिला उचललेलं होतं, नुसता खांदा द्यायला मिळाला.

गुवाहाटीत मी अजून आहे. भट्टी तशीच तडतडते, पण आता त्यात खोकला ऐकू येत नाही. सुरुवातीला सुटल्यासारखं वाटलं. मग एकेका संध्याकाळी मी मुद्दाम कान देऊन बसायला लागलो. चहावाल्याला एकदा विचारलंही, परत कधी कोण दिसलं का? तो नाही म्हणाला आणि मला वाईट वाटलं.

मागच्या वेळी घरी होतो तेव्हा बायकोला म्हणालो, "माझं तिकडं काय झालं तर घाई करू नका. मला विमानानं आणू नका."

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मग कसं आणायचं? तीन दिवस गाडीत कोण ठेवून घेतंय? तिथंच करायचं का सगळं?"

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिली. ती अजून उत्तराची वाट बघतेय, हे प्रत्येक फोनवर मला कळतं.